आधी अंगठी पालथी करा: जुन्या सोन्या-हिऱ्याच्या अंगठ्या पारखायला शिकताना

जुन्या अंगठ्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेलेलं माणूस हिऱ्याकडे बघतं. मीही तेच केलं होतं. इंग्लंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात ‘एडवर्डियन’, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणून एक अंगठी घेतली. मध्ये लखलखीत हिरा होता, भोवती नाजूक जाळी. चार महिन्यांनी ती भिंगाखाली उलटी धरली तेव्हा कळलं की जाळी करवतीने कापलेली नाही, साच्यात ओतलेली आहे, आणि हिऱ्याला पैलू पाडलेत ते आजच्या पद्धतीने. सोनं खरं होतं, हिराही खरा होता, खोटं होतं ते वय. शंभर वर्षांची किंमत मी अलीकडच्या अंगठीला मोजली होती.

तेव्हापासून हातात आलेली प्रत्येक अंगठी मी आधी पालथी करते. आतला छाप, मागची बाजू, कोंदण, हिऱ्याचे पैलू आणि वरची नक्षी, यातली प्रत्येक गोष्ट आपापलं वय सांगते. ही सगळी वयं एकाच सुमाराची निघाली तर अंगठी बहुधा अस्सल असते. एखादं वय फटकून निघालं तर तिथे काहीतरी बदललंय असं समजायचं आणि विचारायचं. या लेखात मुख्यतः १८४० ते १९४० या शंभर वर्षांतल्या ब्रिटिश अंगठ्या धरल्या आहेत, कारण शिकण्याजोगा माल बाजारात याच काळातला जास्त दिसतो आणि ब्रिटिश छाप वाचायला सोपे आहेत. व्यापारात साधारण शंभर वर्षांपुढच्या वस्तूला ‘अँटिक’ म्हणतात आणि त्याहून तरुण पण जुन्या वस्तूला ‘व्हिंटेज’. विकणारे हे दोन्ही शब्द सैल हाताने वापरतात, म्हणून शब्दावर न जाता वर्ष विचारा.

पहिली पायरी: भिंग घ्या, आणि धरायला शिका

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जवाहिरे त्याला लुप म्हणतात. तीसपट, चाळीसपट लिहिलेली स्वस्त भिंगं घेऊ नका, त्यात कडा वाकड्या दिसतात आणि रंग फाटतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि अंगठी हळूहळू जवळ आणायची. नवशिके भिंग अंगठीजवळ धरून दुरून डोकावतात, मग काहीच दिसत नाही. घरातल्याच अंगठीवर आठवडाभर सराव करा. दुकानात बिचकायला होत नाही.

दुसरी पायरी: आतला छाप

ब्रिटनमध्ये सोन्याचा कस तपासून छाप मारायची कचेरी वेगळी असते, तिला ‘असे ऑफिस’ (assay office) म्हणतात. लंडनचं चिन्ह बिबळ्याचं डोकं, बर्मिंगहॅमचं नांगर, एडिंबरोचं किल्ला. बर्मिंगहॅमचं ऑफिस १७७३ मध्ये सुरू झालं. गाव समुद्रापासून लांब आणि चिन्ह मात्र जहाजाचा नांगर, याचं नवशिक्यांना हमखास नवल वाटतं. चेस्टरच्या ढालीत तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या असतात. हे ऑफिस १९६२ मध्ये बंद झालं, म्हणजे चेस्टरचा छाप दिसला की अंगठी त्याआधीची. बर्मिंगहॅमच्या कारागिरांचा कितीतरी माल छापासाठी चेस्टरला जायचा, त्यामुळे हा छाप वारंवार भेटतो.

या काळातल्या पूर्ण छापात चार गोष्टी असतात: माल छापायला देणाऱ्याची आद्याक्षरं, सोन्याचा कस, ऑफिसचं चिन्ह आणि वर्षाचं अक्षर. वर्षाच्या अक्षराला एकट्याला अर्थ नसतो. तेच अक्षर दर वीस-पंचवीस वर्षांनी परत येतं, पण अक्षराचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार बदलतो. शिवाय १९७५ पर्यंत प्रत्येक ऑफिसची अक्षरमाला वेगळी होती. म्हणून आधी ऑफिस ओळखायचं, मग त्या ऑफिसच्या तक्त्यात अक्षर, वळण आणि ढाल तिन्ही जुळवायची. घाईत फक्त अक्षर जुळवलं तर पंचवीस वर्षांनी चुकता.

आता कसाबद्दल, कारण इथे आपण मराठी माणसं हमखास अडखळतो. आपल्या डोक्यात बावीस कॅरेट म्हणजे सोनं आणि त्याखालचं सगळं हलकं. ब्रिटिश अंगठीवर ९, १५ किंवा १८ दिसलं की मन खट्टू होतं. ते होऊ देऊ नका. बावीस कॅरेट सोनं मऊ असतं. हिरा बारीक नख्यांवर उचलून धरायचा तर तांब्या-चांदीच्या मिश्रणाने कडक झालेलं सोनंच लागतं. अठरा कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध सोनं, पंधरा म्हणजे ६२५, नऊ म्हणजे ३७५. यातलं पंधरा कॅरेट मला फार आवडतं, एक तर त्याच्या उबदार रंगासाठी आणि दुसरं म्हणजे ते वयाचा पक्का पुरावा देतं. हा कस १८५४ मध्ये कायद्याने आला आणि १९३२ मध्ये रद्द होऊन त्याच्या जागी चौदा कॅरेट आलं. अस्सल छापात ‘१५’ आणि ‘.६२५’ दिसलं की अंगठी या अठ्ठ्याहत्तर वर्षांतली.

छाप नसला तर? बऱ्याच जुन्या जडावाच्या अंगठ्यांवर पूर्ण छाप नसतोच, कारण रत्नं बसवलेल्या कामाला कायद्यात सूट होती. नुसतं ‘१८ सीटी’, म्हणजे अठरा कॅरेट, कोरलेलं असेल तर तो कारागिराचा दावा समजायचा, अधिकृत तपासणी नव्हे. प्लॅटिनमचंही तसंच. ब्रिटनमध्ये प्लॅटिनमला अधिकृत छाप १९७५ पासून मिळू लागला, त्यामुळे १९२० च्या अंगठीवरचं ‘प्लॅट’ हे घडवणाऱ्याचं म्हणणं असतं. फ्रेंच अंगठी असेल तर कडीच्या बाहेरच्या अंगावर गरुडाचं इवलंसं डोकं शोधा. १८३८ पासून अठरा कॅरेटची ती खूण आहे.

तिसरी पायरी: पाठ बघा

हिरा वरून बघण्याआधी खालून बघा. जॉर्जियन काळात, म्हणजे साधारण १८३० पर्यंत, हिरा बहुतेकदा बंद कोंदणात बसवत आणि त्याखाली चकाकता पातळ पत्रा घालत. मेणबत्तीच्या उजेडात पत्र्यामुळे हिरा उजळायचा. आपल्या कुंदनकामातल्या पोलकीमागेही, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यामागेही, हेच तंत्र असतं, त्यामुळे ते आपल्याला परकं वाटू नये. मात्र अशी अंगठी पाण्यात कधीही बुडवायची नाही. पाणी आत शिरलं की पत्रा काळवंडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. पुढे कोंदण मागून उघडं ठेवायची रीत रुळली आणि हिऱ्यात खालूनही उजेड जाऊ लागला.

हिऱ्याभोवतीचा पांढरा धातू कोणता, हा वयाचा सगळ्यात उपयोगी पुरावा. पिवळ्या सोन्यात हिरा पिवळट दिसतो, म्हणून तो पांढऱ्या धातूत बसवायची धडपड जुनीच. एकोणिसाव्या शतकात ते काम चांदी करायची: वर चांदी, मागे सोनं. चांदी करड्या-काळ्या झाकेवर जाते आणि मऊ असल्याने तिचं कोंदण जाडजूड लागतं. १९०० च्या सुमारास उच्च तापमानाच्या भट्ट्या आणि ज्योती कारागिरांच्या हाती आल्या आणि प्लॅटिनम कामात आलं. प्लॅटिनम इतकं चिवट की केसासारखी तार हिरा धरून ठेवते. लेससारख्या एडवर्डियन अंगठ्या शक्य झाल्या त्या या धातूमुळे. पांढरं सोनं त्यानंतरचं, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं. ‘व्हिक्टोरियन’, म्हणजे १९०१ च्या आधीची, म्हणून दाखवलेली अंगठी सगळीच्या सगळी पांढऱ्या सोन्याची असेल तर हात आखडता घ्या.

मागच्या जाळीत भिंगाने डोकावा. हाताने कापलेल्या जाळीच्या भोकांत करवतीच्या बारीक रेघा दिसतात आणि कोपरे धारदार असतात. साच्यात ओतलेल्या जाळीचे कोपरे बोथट, आत बारीक दाणे किंवा टाचणीच्या टोकाएवढे खळगे. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या की पुन्हा फसायला होत नाही. कडेच्या मण्यांच्या बारीक रांगेला मिलग्रेन म्हणतात. खरोखर वापरलेल्या अंगठीत हे मणी बाहेरच्या अंगाला झिजलेले आणि आडोशाला टोकदार असतात. सगळीकडे सारखेच बोथट मणी म्हणजे ते ओतलेले.

चौथी पायरी: आता हिरा

आजचा गोल ब्रिलियंट हिरा गणिताने ठरलेल्या प्रमाणात पाडतात. ती प्रमाणं मार्सेल टोल्कोव्हस्की यांनी १९१९ मध्ये मांडली. त्याआधीचा हिरा माणसाच्या डोळ्याने आणि दगडाच्या मूळ आकाराने ठरायचा. त्यातले तीन प्रकार ओळखता आले तरी सुरुवातीला पुरे.

रोझ कट तळाला सपाट आणि वर घुमटासारखा, त्रिकोणी पैलूंचा. तो चमकण्यापेक्षा मंद झळकतो. ओल्ड माइन कट उशीसारखा, कोपरे गोलावलेला चौकोन. ओल्ड युरोपियन कट जवळजवळ गोल, आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सर्रास झाला, कारण हिरा गोल घासायची यंत्रं आली. या दोन्ही ‘ओल्ड’ प्रकारांत वरचं सपाट टेबल लहान, माथा उंच, पोट खोल आणि तळाचं टोक छाटलेलं असतं. वरून सरळ बघितलं की हिऱ्याच्या मधोमध एक छोटं वर्तुळ दिसतं, जणू तिथे भोक आहे. तेच ते छाटलेलं टोक. नवशिके त्याला डाग समजून किंमत पाडून मागतात! ती जुनेपणाची खूण आहे.

जुन्या हिऱ्याचं पाणी आजच्याहून वेगळं दिसतं. आजचा हिरा बारीक लखलख करतो. जुना मोठमोठे तुकडे उजळतो आणि विझवतो, त्यात रंगांच्या ठिणग्या उडतात. तो मेणबत्ती आणि गॅसबत्तीच्या घरांत बघितला जायचा. दुकानातल्या पांढऱ्या झगझगाटात त्याची पारख करू नका. खिडकीपाशी न्या, शक्य असेल तर संध्याकाळी एका पिवळ्या दिव्याखाली बघा. मी या हिऱ्यांच्या प्रेमात पडले ती अशाच एका खिडकीपाशी, आणि त्यांना नव्या प्रमाणात पुन्हा पैलू पाडून वजन घालवणं मला अजूनही सोसत नाही.

हिरा कुठून आला असेल याचाही वयाशी संबंध आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जगाचा हिरा मुख्यतः आपल्याकडच्या गोवळकोंड्याच्या मुलखातून जायचा. १७२० च्या दशकात ब्राझीलच्या खाणी पुढे आल्या. १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि किंबर्लीच्या खाणींनी बाजार भरून टाकला. पाच हिऱ्यांची ओळ असलेली अर्ध्या कड्याची अंगठी मध्यमवर्गीय घरांत दिसू लागली ती त्यानंतर. मात्र ‘हा गोवळकोंड्याचा हिरा आहे’ असं म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा. नुसत्या डोळ्यांनी ते कोणीच सिद्ध करू शकत नाही.

नकलांबद्दल थोडक्यात. उष्णता मोजणारा साधा हिरा-तपासक मॉयसनाइटला, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम दगडाला, हिरा ठरवू शकतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. मॉयसनाइटमधून तिरकं बघितलं तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरी. हल्ली जुन्या घाटाचे नवे हिरेही मुद्दाम पाडतात, त्यात प्रयोगशाळेत वाढवलेलेही असतात. म्हणून मोठ्या रकमेच्या हिऱ्याला जीआयएसारख्या प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. आणखी एक: १९२०-३० च्या अंगठ्यांतले निळे-लाल चौकोनी दगड पुष्कळदा कृत्रिम नीलम आणि माणिक असतात. ऑग्युस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली होती आणि नीलम त्यानंतर काही वर्षांत आला, त्यामुळे ते दगड त्या काळचेच असू शकतात. अंगठी त्यामुळे खोटी ठरत नाही. विकणाऱ्याने ते सांगायला मात्र हवं, आणि किंमत त्याप्रमाणे हवी.

पाचवी पायरी: काळाचा चेहरा

शैली मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण नक्कल सगळ्यात सोपी तिचीच. व्हिक्टोरिया राणीला अल्बर्टने वाङ्‌निश्चयाला दिलेली अंगठी सर्पाची होती, पाचू जडवलेली. सापांच्या अंगठ्या मग घरोघर गेल्या, दोन-तीन वेढ्यांच्या, आपल्या वेढणीची आठवण यावी अशा. १८६१ मध्ये अल्बर्ट वारला आणि काळ्या मीनाकामाचे शोकदागिने सर्वत्र दिसू लागले. शोकाच्या अंगठीत आत मृताचं नाव आणि तारीख कोरलेली असते. वय सांगायला याहून पक्का पुरावा नाही, आणि ती वाचताना दर वेळी हात थबकतो. याच शतकात अक्षरांच्या अंगठ्याही होत्या: माणिक, पाचू, गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा, यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडली की ‘रिगार्ड’, म्हणजे आदर, असा शब्द तयार होतो. ओळीतला एखादा दगड चुकीचा असेल तर तो नंतर बदललेला आहे हे शब्दावरूनच कळतं.

एडवर्डियन म्हणजे १९०१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत: प्लॅटिनम, फुलमाळा, रिबिनीची गाठ, सगळं हवेसारखं हलकं. युद्धानंतर सगळ्या रेषा ताठ झाल्या. चौकोन, अष्टकोन, पायऱ्या, पांढऱ्यावर निळ्या-काळ्याचा ठाम विरोध. आर्ट डेको हे नाव १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून आलं. हा बदल मुंबईकराला पुस्तकातून शिकावा लागत नाही. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. एका अंगाला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला १९३० च्या दशकातल्या इमारतींची ओळ. एकीकडे कोरीव पानंफुलं आणि कमानी, दुसरीकडे सरळ पट्टे, पायऱ्या आणि गोलावलेले कोपरे. तोच फरक बोटाच्या पेराएवढ्या जागेत बघायचा. १९४० च्या दशकात प्लॅटिनम युद्धाच्या कामाला गेलं आणि अंगठ्या पुन्हा सोन्याच्या झाल्या, जाड, तांबूस, उठावदार.

सहावी पायरी: दुरुस्त्या शोधा

अंगठीवर तोंडाने वाफ सोडा. ओली झाक उडत असताना जिथे सांधा आहे तिथली रेघ उठून दिसते. मापासाठी कडी कापलेली असेल तर खालच्या बाजूला ती सापडते. एक सांधा ठीक आहे, शंभर वर्षांत माप बदलणारच. डोक्याच्या, म्हणजे वरच्या रत्न बसवलेल्या भागाच्या, दोन्ही खांद्यांशी सांधे दिसले तर वरचं डोकं आणि खालची कडी मुळात एकत्र नसावीत. टायपिनचं किंवा कानातल्याचं डोकं नव्या कडीवर बसवलेल्या अंगठ्या खूप आहेत. त्या सुंदर असतात, घ्यायलाही हरकत नाही, फक्त जोडकामाच्या भावात घ्याव्यात.

करडा, मातकट ठिपका दिसला तर तो शिशाचा टाका. हा मोठा दोष समजा. शिसं तापलं की सोन्यात उतरून त्याला खातं, त्यामुळे पुढची प्रत्येक दुरुस्ती अवघड होते. कडी पाठीमागे नखाएवढी पातळ झाली असेल तर ती बदलावी लागेल, तो खर्च आधीच धरा. हिऱ्यावरच्या नख्या एकेक करून बघा: टोक गोल आणि भरीव हवं, घासून सपाट झालेलं नको. जुनी अंगठी निळसर-पांढरी, अगदी आरशासारखी दिसत असेल तर तिच्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा ताजा मुलामा असू शकतो, आणि मुलाम्याखाली सांधे लपतात.

सातवी पायरी: भाव

आधी तळ काढा. तीन ग्रॅमची अठरा कॅरेटची अंगठी म्हणजे सव्वादोन ग्रॅम शुद्ध सोनं. त्या दिवशीच्या दराने गुणा. हिऱ्याचं वजन बसवलेल्या स्थितीत अंदाजेच धरतात. जुना हिरा खोल असल्यामुळे त्याच वजनाच्या आजच्या हिऱ्यापेक्षा वरून थोडा लहान दिसतो, हे लक्षात असू द्या. त्यावरचं जे काही आहे ते घडणीचं, काळाचं आणि शाबूतपणाचं मोल. मी शाबूतपणाला सगळ्यात वर ठेवते. लहान हिऱ्याची, छाप स्वच्छ असलेली, कधी न छेडलेली अंगठी मला मोठ्या हिऱ्याच्या जोडकामापेक्षा कधीही प्यारी.

पावतीवर काय लिहून घ्यायचं? धातू आणि कस, अंदाजे वर्ष, हिऱ्याचा घाट आणि वजन, दगड नैसर्गिक की कृत्रिम, आणि माहीत असलेल्या दुरुस्त्या. चांगला विक्रेता हे न कुरकुरता लिहून देतो. शिकण्यासाठी मात्र पैसे लागत नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये दागिन्यांचं मोठं दालन आहे, प्रवेश मोफत. पहिली खरेदी करण्याआधी तिथे एक पूर्ण दुपार घालवा. अंगठी भारतात आणून मोडायचा विचार असेल तर तो सोडून द्या. आपल्याकडचा सराफ मोड घेताना कस आणि वजन बघतो, हाताची घडण मातीमोल होते.

आठवी पायरी: घातल्यावर

मागून उघड्या कोंदणातला हिरा कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवा. हिऱ्याला तेलाचं फार आकर्षण, आठवडाभराच्या स्वयंपाकाने तो मंदावतो. पाचू, मोती किंवा ओपल सोबत असेल तर फक्त ओलसर फडकं. अल्ट्रासॉनिक यंत्रात जुनी अंगठी टाकू देऊ नका, सैल दगड त्यातच निखळतात. कणीक मळताना, भांडी घासताना आणि पोहताना काढून ठेवा. तलावातलं क्लोरीन कमी कॅरेटच्या सोन्याला ठिसूळ करतं. ठेवताना प्रत्येकीला वेगळी पिशवी, नाहीतर एकीचा हिरा दुसरीचं सोनं ओरखडतो. वर्षातून एकदा नख्या तपासून घ्या.

माप बदलायचंच असेल तर अंगठी कारागिराकडे देण्याआधी भिंगातून छापाचा स्वच्छ फोटो काढा. मग त्याला छाप दाखवा आणि कडी त्या जागी न कापता दुसरीकडे कापायला सांगा. कडीभर हिरे असतील तर माप बदलायचा हट्ट धरू नका, तुमच्या बोटाची दुसरी शोधा.